दोन आकड्यांमधले तरुण

एचआयव्हीच्या प्रतिबंधाविषयी एकच अभ्यास सांगा, असे मला कोणी म्हटले तर मी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स या अभ्यासाचे नाव घेईन. पेरू, इक्वेडोर, ब्राझील, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या सहा देशांतील २,४९९ जणांनी त्यात भाग घेतला होता. पुरुषांशी शरीरसंबंध असलेले पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया असे ते सहभागी होते आणि त्यांतले जवळपास निम्मे पंचविशीच्या आतले होते. लागण झालेली नसताना रोज एक गोळी घेतली तर पुढची लागण टळते का, हा प्रश्न होता. उत्तर दोन आकड्यांत आले. ज्यांना खरी गोळी दिली होती त्या सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा लागणीचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी दिसले. आणि ज्यांच्या रक्तात ते औषध प्रत्यक्ष सापडले, म्हणजे ज्यांनी गोळी खरोखर घेतली होती, त्यांच्यात ते ९२ टक्क्यांनी कमी होते.

गोळी तीच, डबी तीच, देणारे हातही तेच. तरीही या दोन आकड्यांत एवढे अंतर का पडले, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही, कारण माझे काम नेमके त्या अंतरातले आहे. मी बरीच वर्षे एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशन करतो आणि माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांत समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांची संख्या मोठी असते. कोणी अठरा वर्षांचा असतो, कोणी बावीस, कोणी नुकताच घरापासून दूर राहू लागलेला. या मुलांमध्ये लागण जास्त का, असे बाहेर कोणी विचारले की उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या मनात तयार असते: ही मुले बेफिकीर आहेत, त्यांना धोका कळत नाही, कळला तरी वळत नाही. मला भेटलेली मुले अशी नव्हती. उलट त्यांच्यातले अनेकजण इतके घाबरलेले असतात की एका चुंबनानंतरही महिनाभर झोप उडालेली असते. बेफिकिरीचे हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण ते मान्य केले की बाकी कोणाला काही करावे लागत नाही. पण ते खरे नाही, आणि ते खरे नसल्याचे पुरावेही भक्कम आहेत.

शरीराचा भाग आधी थोडक्यात सांगतो. गुदमार्गाचे आतले अस्तर पेशींच्या एकाच नाजूक थराचे असते आणि विषाणू ज्या पेशींवर हल्ला करतो त्या तेथे मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे जोडीदाराला एचआयव्ही असेल, त्याचे उपचार चालू नसतील आणि कंडोमही वापरला नसेल, तर गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्याला लागण होण्याची शक्यता दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ इतकी मोजली गेली आहे. योनीमैथुनात स्त्रीला असलेली शक्यता त्याच मोजमापाने सुमारे ८ आहे. हा फरक शरीररचनेचा आहे. त्यात कोणाच्या स्वभावाचा किंवा चारित्र्याचा संबंध येत नाही. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या आकड्यांनुसार जगातल्या १५ ते ४९ वयोगटात एचआयव्हीचे प्रमाण ०.८ टक्के आहे, तर समलैंगिक आणि पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांमध्ये ते ७.७ टक्के आहे.

परंतु शरीररचनेने सगळे उलगडत नाही, कारण समलैंगिक पुरुषांच्या आतही ही लागण सारखी विभागलेली नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१६ साली एक अंदाज मांडला होता: तेव्हाचे प्रमाण तसेच राहिले तर आयुष्यभरात समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांपैकी श्वेतवर्णीयांत अकरांपैकी एकाला, लॅटिनोंमध्ये चौघांपैकी एकाला आणि कृष्णवर्णीयांमध्ये दोघांपैकी एकाला एचआयव्हीचे निदान होईल. दोघांपैकी एक! हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. शरीर सगळ्यांचे सारखेच आहे, मग हा फरक वर्तनातून आला असेल का? ग्रेगोरिओ मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या प्रश्नाच्या अनेक संभाव्य उत्तरांची एकेक करून छाननी केली, आणि २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र आढावाही घेतला. कृष्णवर्णीय पुरुष इतरांपेक्षा अधिक धोकादायक वागतात, असे त्यात आढळले नाही. कंडोमचा वापर, जोडीदारांची संख्या, नशा यांत ते इतरांच्या बरोबरीचे किंवा इतरांहून अधिक सावध होते. फरक दिसला तो उत्पन्नात, शिक्षणात, आरोग्यविम्यात, आणि लागण झाल्यानंतर उपचार मिळण्यात व टिकण्यात.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी दोन तरुण डोळ्यांसमोर आणावेत. दोघांचेही वर्तन अगदी सारखे आहे. वर्षभरात दोघांचेही तेवढेच जोडीदार झाले आणि दोघांनीही तेवढ्याच वेळा कंडोम वापरला नाही. पहिल्याच्या ओळखीच्या वर्तुळात शंभरातल्या दोघांना एचआयव्ही आहे आणि ते दोघेही औषध घेत असल्याने त्यांच्यापासून कोणाला लागण होत नाही. दुसऱ्याच्या वर्तुळात शंभरातल्या वीसजणांना एचआयव्ही आहे आणि त्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊकच नाही, किंवा ठाऊक असूनही औषध मिळत नाही. दुसऱ्या तरुणाच्या एका असुरक्षित रात्रीची किंमत पहिल्याच्या अनेक रात्रींहून जास्त आहे. वर्तुळ लहान असेल, म्हणजे नाकारले जाण्याच्या भीतीने तो आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच वर्णाच्या मोजक्या लोकांत जोडीदार शोधत असेल, तर विषाणू त्या वर्तुळात पुन्हा पुन्हा फिरत राहतो. अशा तरुणाला समोर बसवून 'जपून वाग' असे सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो पहिल्याइतकाच जपून वागतो आहे. त्याच्या आधीच्या पिढीला वेळेवर न मिळालेले उपचार त्याच्या वाट्याला धोका होऊन आले आहेत.

आता पुन्हा गोळीकडे येतो. आयप्रेक्सनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुलै २०१२ मध्ये प्रेपला, म्हणजे लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या या गोळीला, मान्यता दिली, २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांसाठी तिची शिफारस केली, आणि २०१५ साली ब्रिटनमधल्या प्राऊड तसेच फ्रान्स व कॅनडातल्या इपरगे या दोन्ही चाचण्यांत लागण ८६ टक्क्यांनी घटलेली दिसली. गोळी आठवड्यातून चार दिवस घेतली तरी पुरुषांना जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळते, असा हिशेब रक्तातल्या औषधाच्या पातळीवरून मांडला गेला होता. म्हणजे औषधाची ताकद सिद्ध झाली होती. प्रश्न होता तो वयाचा, आणि तो प्रश्न एटीएन ११० या अभ्यासाने विचारला.

अमेरिकेतल्या अनेक शहरांतील १८ ते २२ वर्षांच्या २०० तरुणांना या अभ्यासात गोळी दिली गेली. त्यात खोटी गोळी कोणालाच नव्हती. आपल्याला खरे औषध मिळते आहे आणि ते उपयोगी आहे, हे प्रत्येकाला माहीत होते. चौथ्या आठवड्यात ५६ टक्के तरुणांच्या रक्तात संरक्षणापुरते औषध होते. अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यात हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. या उतरणीत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पहिले बारा आठवडे तरुणांना दर महिन्याला केंद्रात बोलावले जात असे. त्यानंतर भेटी दर तीन महिन्यांनी होऊ लागल्या, आणि औषधाची पातळी घसरली ती भेटींतले अंतर वाढल्यावर. प्रौढांसाठी दर तीन महिन्यांची भेट पुरेशी मानली जाते, कारण प्रौढ माणसाचे घर, नोकरी, दिनक्रम आणि मित्रपरिवार बहुधा स्थिर झालेला असतो. एकोणीस वर्षांच्या मुलाचे यांतले काहीच स्थिर नसते. महिन्यातून एकदा कोणीतरी त्याचे नाव घेऊन, त्याला पूर्ण ओळखून, 'कसे चालले आहे' असे विचारत होते, आणि त्याच्या आयुष्यात असे विचारणारे बहुतेक वेळा तेवढेच एक ठिकाण होते.

मला या निष्कर्षाचे नवल वाटले नाही. आमच्याकडे येणारे तरुण गोळी का सोडतात, याची कारणे मी ऐकलेली आहेत आणि त्यांत 'कंटाळा आला' हे कारण फार क्वचित असते. डबी हलवली की गोळ्यांचा आवाज होतो, हे कारण मी अनेकांकडून ऐकले आहे. दप्तरात, कपाटात, सहा जणांच्या खोलीतल्या उशाशी त्या आवाजाची धास्ती असते. कोणी गोळ्या काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवतो. कोणी डबीवरचे लेबल सोलून टाकतो आणि मग कोणती गोळी कोणत्या दिवसाची याचा मेळ लागत नाही. हेच औषध एचआयव्हीच्या उपचारातही वापरले जाते, त्यामुळे कोणी नाव पाहून इंटरनेटवर शोधले तर 'याला एचआयव्ही आहे' असाच समज होणार, आणि तो समज दूर करायचा तर 'नाही, मला पुरुषांविषयी ओढ आहे म्हणून मी ही घेतो' हे सांगावे लागणार. एकाला माझ्यासमोर हे दोन्ही पर्याय मोठ्याने म्हणून पाहावेसे वाटले. त्याने ते म्हटले, आणि मग म्हणाला, "सर, यापेक्षा न घेतलेली बरी." सुट्टीत घरी जाताना गोळ्या मागे ठेवून जाणारे तर कितीतरी असतात, आणि घरून परतल्यावर पुन्हा सुरू करायला येणारे त्यांच्याहून कमी.

या घरांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतील २१ ते २५ वर्षांच्या २२४ समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुण-तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात कुटुंबाने आपल्याला कितपत नाकारले, हे त्यांना विचारले होते. ज्यांना घराने सर्वाधिक नाकारले होते त्यांच्यात, ज्यांना फारसे नाकारले नव्हते त्यांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ८.४ पट, तीव्र नैराश्याची शक्यता ५.९ पट, आणि असुरक्षित शरीरसंबंधाची शक्यता ३.४ पट होती. नाकारणे म्हणजे प्रत्येक वेळी घरातून हाकलून देणे नव्हे. मित्राला घरी न येऊ देणे, चालण्या-बोलण्याची चेष्टा करणे, 'आमच्या नावाला काळिमा लागेल' असे म्हणणे, किंवा त्या विषयावर एक शब्दही न उच्चारणे हे सगळे त्यात येते. हा शेवटचा, न बोलण्याचा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो करणाऱ्या आईवडिलांना आपण काही वावगे करतो आहोत असे वाटतच नाही. मुलाला मात्र त्यातून इतके पक्के कळते की आपल्या आयुष्यातला हा भाग कोणालाही दाखवण्याच्या लायकीचा नाही.

घरातले नाकारणे कंडोमपर्यंत कसे पोहोचते, असा प्रश्न कोणालाही पडेल. इलान मेयर या संशोधकाने २००३ साली लैंगिक अल्पसंख्याकांवरच्या ताणाची जी मांडणी केली तिच्यात याचे उत्तर सापडते. उघड भेदभाव किंवा मारहाण हा त्या ताणाचा एक भाग झाला. त्याखेरीज तसे काही घडेल याची सततची वाट पाहणे, स्वतःला लपवत राहणे आणि समाजाचा तिरस्कार हळूहळू स्वतःच्याच मनात मुरणे, असे त्याचे आणखी भाग आहेत. ज्याला आपण प्रेमाला पात्र नाही असे लहानपणापासून वाटत आले आहे, त्याला पहिल्यांदा कोणी जवळ घेतले तर त्या क्षणी तो अट घालत नाही. 'कंडोम वापरू या' ही अट आहे, आणि अट घालण्यासाठी समोरचा उठून गेला तरी आपले काही बिघडत नाही एवढा भरवसा मनात असावा लागतो. समोरचा वयाने मोठा असेल, जागा त्याची असेल, पैसे त्याने दिले असतील, तर हा भरवसा आणखी कमी होतो. जोडीदार मोठा असण्याचा आणखी एक धोका आहे: वयाने मोठ्या पुरुषांत एचआयव्हीचे प्रमाणही तरुणांपेक्षा जास्त असते.

रॉन स्टॉल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील चार मोठ्या शहरांतल्या पुरुषांचा अभ्यास करून दाखवले होते की नैराश्य, अनेक प्रकारची नशा, बालपणीचे लैंगिक शोषण आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा या चार गोष्टी एकमेकींना बळ देतात. एकाच माणसाच्या वाट्याला त्या जितक्या जास्त येतात तितके एचआयव्हीचे प्रमाणही वाढत जाते. २००७ साली शिकागोतल्या १६ ते २४ वर्षांच्या तरुणांमध्येही असेच चित्र आढळले. याचा माझ्या कामासाठी अर्थ असा की ज्याला आठवडाभर अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, त्याला गोळीच्या वेळेचा गजर लावायला सांगून भागत नाही. त्याच्या नैराश्यावरचा उपचार हाच त्याच्यासाठी एचआयव्हीचा प्रतिबंध आहे. बहुतेक ठिकाणी मात्र ही दोन कामे दोन वेगळ्या खात्यांची असतात आणि एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जाताना मुले हरवतात.

डॉक्टरांच्या खोलीविषयीही बोलायला हवे. तरुण ताप किंवा घसादुखी घेऊन जातो, डॉक्टर सहज विचारतात, "गर्लफ्रेंड आहे का?" तो खरेच नाही म्हणतो, आणि त्याच्या कागदावर शरीरसंबंध नाहीत अशी नोंद होते. पुढे कधी परमा किंवा क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांची तपासणी झालीच तर ती लघवीची होते. सॅन फ्रान्सिस्कोतील दवाखान्यांत आलेल्या पुरुषांच्या तपासणीवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्लॅमिडियाचे ५३ टक्के आणि परम्याचे ६४ टक्के संसर्ग घशात किंवा गुदमार्गात होते, आणि अशा संसर्गांत बहुधा कोणतेही लक्षण नसते. केवळ लघवी तपासून 'सगळे ठीक आहे' असा निर्वाळा मिळालेला तरुण खरे तर आजारी असू शकतो, आणि गुदमार्गातला हा संसर्ग एचआयव्हीला वाट सोपी करून देतो. असुरक्षित संबंध घडल्यानंतर ७२ तासांच्या आत पेप हा २८ दिवसांचा औषधोपचार सुरू केला तर लागण टळू शकते, हेही ज्यांना कळायला हवे त्यांना फार उशिरा कळते. चौथ्या दिवशी आलेल्या तरुणाला 'उशीर झाला' हे सांगणे माझ्या कामातले सर्वांत जड काम आहे. त्याने ते तीन दिवस कोणाला विचारावे या विवंचनेतच काढलेले असतात.

चाचणीची भीती हा याच साखळीतला पुढचा दुवा आहे. अमेरिकेच्या आकडेवारीत, लागण होऊनही ती झाल्याचे ठाऊक नसलेल्यांचे प्रमाण १३ ते २४ या वयोगटात सर्वाधिक आढळत आले आहे. निकाल पॉझिटिव्ह आला तर आयुष्य संपले, प्रेम संपले, कोणी स्पर्शही करणार नाही, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत आज पूर्णपणे निराधार आहे, आणि ती निराधार असल्याचा पुरावा मी प्रत्येकाला आकड्यांसह सांगतो, कारण नुसत्या दिलाशावर या मुलांचा विश्वास बसत नाही. पार्टनर-२ या अभ्यासात युरोपातील १४ देशांतली ७८२ पुरुष जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, औषधांनी दबलेला होता, आणि दुसऱ्याला एचआयव्ही नव्हता. या जोडप्यांनी कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा गुदमैथुन केले. निकाल २०१९ साली लॅन्सेटमध्ये आला: जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. अभ्यासाच्या काळात १५ जणांना बाहेरून लागण झाली होती, पण त्यांच्यातल्या विषाणूंची जनुकीय तपासणी केल्यावर त्यांतला एकही जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही. ज्याचा व्हायरल लोड चाचणीत दिसत नाही त्याच्यापासून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे वाक्य ऐकून पॉझिटिव्ह निकाल हातात असलेला तरुण पहिल्यांदा मान वर करतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. हे वाक्य निगेटिव्ह मुलांनाही तेवढेच ठाऊक असायला हवे, कारण पॉझिटिव्ह माणसाला भिण्याचे कारण उरले नाही तर स्वतःची चाचणी करायलाही भीती उरत नाही.

या साथीची सुरुवातही तरुणांपासूनच झाली होती, हे आज विसरले जाते. ५ जून १९८१ रोजी सीडीसीच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच समलैंगिक पुरुषांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. ते २९ ते ३६ वर्षांचे होते आणि नोंद छापली जाईपर्यंत त्यांतले दोघे मरण पावले होते. विषाणूचा शोध १९८३ साली लागला, परिणामकारक संयुक्त उपचार १९९६ साली हाती आले. मधल्या काळात आजाऱ्यांच्या उशाशी बसण्यापासून कंडोम वाटण्यापर्यंतचे काम प्रामुख्याने समलैंगिक पुरुषांनी आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या स्त्रियांनी केले. आजच्या वीस वर्षांच्या मुलाला ज्यांच्याकडून हे सगळे ऐकता आले असते, त्या पिढीतले असंख्य लोक त्याच्या जन्माआधीच गेले. त्याला सल्ला देणारा मोठा भाऊ, काका, शेजारी नाही याचे एक कारण हेही आहे.

प्रतिबंध शक्य आहे, याविषयी मात्र माझ्या मनात शंका नाही. सिडनीच्या मध्यभागात, जेथे समलैंगिक पुरुषांची वस्ती मोठी आहे आणि दवाखाने त्यांच्या ओळखीचे आहेत, तेथे २०१० ते २०२२ या काळात नव्या निदानांत ८८ टक्के घट झाली. २०२२ साली तेथे केवळ ११ नवी निदाने झाली. ही बातमी २०२३ साली आली तेव्हा आमच्यासारख्या काम करणाऱ्यांना किती आनंद झाला असेल ते वेगळे सांगायला नको. परंतु त्याच शहराच्या बाहेरच्या उपनगरांत ही घट ३१ टक्क्यांच्या आसपास होती. गोळी तीच, सरकार तेच, शहरही तेच. मध्यभागात राहणाऱ्या पुरुषाला समलैंगिक म्हणून जगण्यासाठी दररोज काही लपवावे लागत नाही. उपनगरातल्या, परदेशातून आलेल्या, कुटुंबाबरोबर राहणाऱ्या तरुणाला लागते. मी आरंभी ज्या दोन आकड्यांविषयी लिहिले, तसेच हेही दोन आकडे आहेत.

हे अंतर कमी कसे होते, याची काही उदाहरणे आहेत आणि त्यांतले एचपीटीएन ०७३ हे मला विशेष मोलाचे वाटते. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन आणि चॅपेल हिल येथील २२६ कृष्णवर्णीय पुरुषांचा हा अभ्यास होता. त्याची आखणी आणि अंमलबजावणी यांत कृष्णवर्णीय समलैंगिक संशोधकांचा मोठा वाटा होता. सहभागींना गोळी घेण्याचा आग्रह नव्हता. घर, नोकरी, विमा, मानसिक आरोग्य, ज्याला ज्याची गरज असेल त्यासाठी त्याच्याबरोबर बसून योजना करणारा माणूस मात्र प्रत्येकाला दिला होता. त्यांतल्या ७९ टक्क्यांनी गोळी घेण्याचे स्वतःहून ठरवले. 'हे लोक औषधावर विश्वास ठेवत नाहीत' असे ज्यांच्याविषयी म्हटले जात होते, त्याच लोकांविषयीचा हा आकडा आहे.

वयाने आणखी लहान असलेल्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. १५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीच्या एटीएन ११३ या अभ्यासात ७८ जण होते, आणि तेथे आईवडिलांच्या संमतीशिवाय स्वतःची संमती देण्याची मुभा मुलांना दिली गेली, कारण ती संमती मागणे म्हणजेच घरी सगळे सांगणे झाले असते. त्यांच्यातही औषधाची पातळी भेटी विरळ झाल्यावर घसरली. अल्पवयीन मुलाच्या औषधोपचारातून आईवडिलांना वगळावे का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि आईवडिलांची बाजू मला समजते. आपल्या मुलाच्या पोटात रोज कोणते औषध जाते हे जाणून घेण्याचा हक्क कोणाला सोडावासा वाटेल? तरीही मी मुलाच्या बाजूने उभा राहतो. सतराव्या वर्षी झालेली लागण त्याला आयुष्यभर सांभाळायची आहे, आणि आईवडिलांना सांगण्याची वेळ त्याला नंतरही गाठता येईल. २०१८ साली एफडीएने किमान ३५ किलो वजनाच्या किशोरवयीनांसाठी या गोळीला मान्यता दिली. पण अनेक ठिकाणचे कायदे आईवडिलांची सही मागतात आणि तेथेच ती मान्यता थांबते.

आता इंजेक्शने आली आहेत. दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्रावीरने ४,५६६ जणांच्या चाचणीत रोजच्या गोळीपेक्षाही ६६ टक्के कमी लागणी दाखवल्या. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकॅपावीरच्या २०२४ सालच्या पर्पज-२ या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या २,१७९ जणांपैकी केवळ दोघांना लागण झाली. जून २०२५ मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. डबी नाही, आवाज नाही, लेबल नाही, सुट्टीत मागे ठेवून जाण्यासारखे काही नाही. आमच्याकडच्या तरुणांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही, आणि हे औषध त्यांच्यापर्यंत शक्य तितक्या लवकर पोहोचावे यासाठी जे करता येईल ते मी करणार आहे.

माझी काळजी मात्र मधल्या सहा महिन्यांची आहे. महिन्याची भेट तीन महिन्यांवर गेली तेव्हा काय झाले ते एटीएन ११० ने दाखवले. आता ती सहा महिन्यांवर जाईल. औषध शरीरात टिकून राहील, त्यामुळे एचआयव्हीपुरते संरक्षण राहीलही. पण सिफिलिस आणि परमा यांवर या इंजेक्शनचा काही परिणाम होत नाही, नैराश्यावर होत नाही, मारणाऱ्या जोडीदारावर होत नाही, आणि दुसऱ्या इंजेक्शनची तारीख चुकली तर औषधाची पातळी हळूहळू उतरत जाते. आमच्या केंद्रात आम्ही असे ठरवू पाहतो आहोत की इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येक तरुणाला दर महिन्याला एका ठरलेल्या माणसाने फोन किंवा मेसेज करावा. त्याने सांगितलेल्या वेळी, त्याने निवडलेल्या नावाने, आणि दुसऱ्या कोणी वाचला तरी काही उघड होणार नाही अशा शब्दांत. हे काम करणाऱ्याची जागा कायमची असावी, त्याचा पगार कोणत्याही अल्पमुदतीच्या प्रकल्पावर अवलंबून नसावा आणि त्याच्याकडे मोजकेच तरुण सोपवलेले असावेत, एवढी तरतूद इंजेक्शनांच्या खरेदीबरोबर त्याच अंदाजपत्रकात व्हावी, अशी आमची मागणी आहे.